शेताच्या बांधावरचे जोतीराव

बडोद्यातल्या आपल्या मराठी घरांत महात्मा जोतीराव फुल्यांचे नाव निघाले की बोलणे भिड्यांच्या वाड्यातल्या मुलींच्या शाळेपाशी सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. फार तर सत्यशोधक समाजाचा उल्लेख होतो, सावित्रीबाईंवर दोन शब्द बोलले जातात आणि चहा येतो. आम्हीही जोतीरावांना असेच ओळखत आलो. पण हे जोतीराव एका हस्तलिखिताची चळत घेऊन आपल्या या गावी आले होते. ऐन विशीतल्या सयाजीराव महाराजांनी सवड काढून त्यांचे वाचन ऐकले होते आणि त्या कामाला पैशाची मदतही केली होती. ते हस्तलिखित शाळांविषयी नव्हते. त्यात शेत, कर्ज, गुरे, गायरान, विहिरी, बांध आणि डोंगरावरून वाहून जाणारे पाणी असे विषय होते. त्या पुस्तकाचे नाव ‘शेतकऱ्याचा असूड’. यंदा आम्हाला जोतीरावांची हीच बाजू सांगायची आहे.

त्यांचे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातल्या कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. खटाव तालुक्यातला हा मुलूख पावसाच्या भरवशावर जगणारा. पणजोबांकडे गावची चौगुलकी होती. गावच्या कुलकर्ण्याशी त्यांचा तंटा झाला, तो विकोपाला गेला आणि घराला रातोरात गाव सोडावे लागले, असे चरित्रकार सांगतात. मग पुरंदर तालुक्यातले खानवडी. तिथे आजोबा शेटिबा कर्जात बुडाले आणि मुलांना घेऊन पुण्यात आले. मुलांनी फुलमाळ्याचे काम हाती घेतले, पेशव्यांच्या दरबारी हार-गजरे पुरवले, त्यावरून ‘फुले’ हे नाव पडले. पेशव्यांकडून इनाम जमीन मिळाली, पण ती थोरल्या भावाने एकट्याच्या नावे करून घेतली, असेही सांगतात. कुलकर्ण्याची वही, सावकाराचे खत आणि जमिनीच्या कागदावरचे नाव या तिन्ही गोष्टींचा फटका या घराला जोतीराव जन्मण्याआधीच बसलेला होता. त्यांनी पुढे जे लिहिले त्याची मुळे शोधायला फार लांब जावे लागत नाही.

११ एप्रिल १८२७ रोजी पुण्यात जोतीरावांचा जन्म झाला. आई चिमणाबाई लवकर गेल्या. वडील गोविंदराव फुलांचे दुकान आणि थोडी शेती सांभाळीत. मुलगा चार अक्षरे शिकला तसे त्याला शाळेतून काढून मळ्यात घातले. शेजारच्या गफार बेग मुनशी आणि लिजिट साहेब या दोघांनी गोविंदरावांचे मन वळवले नसते, तर महाराष्ट्राला एक चांगला माळी मिळाला असता, एवढेच. १८४१ मध्ये ते स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेले. मधल्या काळात मोट, नांगर, खुरपे हे सारे त्यांच्या हाताखालून गेले होते. सावित्रीबाईंशी लग्न, १८४८ ची मुलींची शाळा, घराबाहेर पडावे लागणे, १८५२ मध्ये विश्रामबाग वाड्यात सरकारकडून झालेला सत्कार, हे सगळे आपल्याला पाठ आहे. पाण्याच्या संदर्भात त्यातली एकच गोष्ट इथे सांगतो. १८६८ मध्ये त्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. पाणी कोणाचे, या प्रश्नाचे त्यांनी स्वतःच्या अंगणात दिलेले हे पहिले उत्तर.

शाळांवर पोट भरत नसे. म्हणून जोतीरावांनी धंदा केला, आणि तो चांगला केला. धातूच्या ओतकामाला लागणाऱ्या सामानाचा व्यापार केला, सरकारी बांधकामांचे मक्ते घेतले. कात्रजच्या बोगद्याला त्यांनी मजूर पुरवले, आणि पुण्याजवळ मुठेवर धरण बांधले जात होते तेव्हा त्याला लागणारे सामान पुरवले. खडकवासल्याचे हे धरण म्हणजे त्या काळचे मोठेच काम. मक्तेदार या नात्याने जोतीरावांना त्याची आतली बाजू दिसली. इंजिनिअर साहेब कागदावर सही करतो, मधला कारकून हिशेब मांडतो, मुकादम हजेरी लिहितो, आणि दगड फोडणारा कुणबी संध्याकाळी अर्धी मजुरी घेऊन घरी जातो. त्यांच्या लिखाणात सरकारी खात्यांचे जे बारकावे येतात ते ऐकीव वाटत नाहीत, याचे कारण हे मक्ते असावेत, असे आम्हाला वाटते.

मग त्याच पाण्याच्या दुसऱ्या टोकाला ते जाऊन उभे राहिले. हडपसरच्या पुढे मांजरीला त्यांनी जमीन घेतली, सुमारे साठ एकर. मुठेच्या कालव्याचे पाणी त्या बाजूला पोहोचत होते, पण ते घ्यायला शेतकरी बिचकत. पाणीपट्टी झेपेल का, पाणी वेळेवर मिळेल का, हे प्रश्न साधे नव्हते. जोतीरावांनी कालव्याच्या पाण्यावर बागायत करून दाखवली. म्हणजे धरणाच्या भिंतीपासून शेताच्या पाटापर्यंत पाण्याचा सगळा प्रवास या एका माणसाने अनुभवला होता. कालव्यावरचा अंमलदार आपल्या सोयीने पाणी सोडतो आणि पीक करपले तरी पट्टी वसूल होते, हे त्यांनी लिहिले ते या अनुभवातून. त्यावर त्यांनी उपायही सुचवला. जमिनीच्या मानाने लागेल तेवढ्या पाण्याची तोटी प्रत्येक शेतकऱ्याला बसवून द्यावी. पाण्याचे माप ठरले की अंमलदाराच्या मर्जीला जागा उरत नाही. ही सूचना मोजून पाणी देण्याची आहे, आणि आजही कालव्याच्या शेपटाकडचा शेतकरी तेच मागतो आहे.

१८७५ साली सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची खते हिसकावून जाळली. पुणे आणि नगर जिल्ह्यांत ते लोण पसरले. पाठोपाठ १८७६-७७ चा दुष्काळ आला. सत्यशोधक समाजाने धनकवडीला अनाथ मुलांसाठी अन्नछत्र चालवले, जोतीराव आणि सावित्रीबाई त्यात राबले. त्याच सुमारास ते पुण्याच्या नगरपालिकेत सभासद होते, म्हणजे सरकारी खर्च कुठे होतो हेही समोर दिसत होते. १८७८ मध्ये नवा जंगल कायदा आला. दंगा, दुष्काळ आणि जंगल खाते अशी तीन वर्षांची ही माळ डोळ्यांपुढे ठेवली म्हणजे ‘असूड’ का लिहिला गेला ते कळते.

१८८३ च्या जुलैत पुस्तक पुरे झाले. त्याची पाच प्रकरणे आहेत. पहिल्या प्रकरणात धर्माच्या नावाने शेतकऱ्याकडून जन्मापासून मरणापर्यंत काय काय काढले जाते त्याचा हिशेब आहे. चौथ्यात, वाढलेल्या साऱ्यासाठी कलेक्टरच्या तंबूवर जाऊन हात हलवीत घरी परतणाऱ्या एका कुणब्याचे चित्र आहे. त्याचे घर, त्याची भाकरी, गोठा, अंगावरची वस्त्रे यांचे इतके तपशीलवार वर्णन त्या वेळच्या मराठीत दुसरे आम्हाला आढळलेले नाही. पण आम्हाला थांबायचे आहे ते पाण्याच्या आणि रानाच्या मजकुराशी.

जोतीराव आधी सांगतात की पूर्वी थोड्या जमिनीवरचा शेतकरी जगत कसा असे. शेत पुरले नाही तर डोंगर होता. उंबर, जांभूळ अशी फळे खाऊन, पळस-मोहाची पाने-फुले विकून मिठामिरचीची सोय होई. गावच्या गायरानावर एखादी गाय, दोन शेळ्या पोसता येत. जंगल खात्याने डोंगर, दऱ्या, खोरी आणि त्यात भर म्हणून गायरानेही आपल्या कुंपणात घेतली. शेळीला तोंड टाकायला जागा राहिली नाही. इथवरची तक्रार दुसऱ्या कोणीही केली असती. जोतीराव एक पाऊल पुढे जातात. डोंगरावरच्या झाडांचा पालापाचोळा, मेलेल्या किड्या-पाखरांचे आणि गुरांच्या शेणामुताचे खत पावसाबरोबर खालच्या शेतात उतरत असे. रान तुटले, गुरे हटली, आणि ते फुकटचे खत बंद झाले. उलट उघड्या डोंगरावरून येणारा लोंढा शेतातली चांगली माती घेऊन नदीला जाऊ लागला. डोंगर आणि शेत ही दोन वेगळी खाती नसून एकच जमीन आहे, हे त्यांनी ओळखले होते. आज ज्याला पाणलोट क्षेत्र म्हणतात आणि शेतीबरोबर झाडे लावण्याला जे मोठे नाव दिले जाते, ते दोन्ही या काही ओळींत आहे, फक्त ते शब्द तेव्हा मराठीत नव्हते.

पाचव्या प्रकरणात उपाय आहेत, तेही माथ्यावरून पायथ्याकडे येतात. डोंगर-टेकड्यांमधल्या दऱ्याखोऱ्यांत जमतील तिथे तळी-तलाव बांधावेत, म्हणजे खालच्या ओढ्यानाल्यांना उन्हाळ्यात पाणी राहील आणि जागोजागच्या विहिरींना झरे फुटतील. शेतांना ताली आणि बंधारे घालावेत, ते असे की पावसाचे पाणी आधी शेतात मुरावे आणि उरलेले नाल्याला मिळावे. पाणी कुठे लागेल हे सांगणाऱ्या पाणाड्यांकडून सगळ्या शिवारांत झऱ्यांच्या जागा हुडकून त्या गावच्या नकाशावर उतरवाव्यात. सरकारी मदतीशिवाय जो शेतकरी विहीर खणील त्याला बक्षीस द्यावे. नदी-तलावातला गाळ पूर्वीप्रमाणे शेतकऱ्यांना फुकट नेऊ द्यावा. गायराने गावाला परत करावीत. चांगल्या जातीची मेंढरे-गुरे पैदास करावीत, शेतीची प्रदर्शने भरवावीत.

ताल म्हणजे काय हे आता शहरातल्या मुलांना सांगावे लागते. उतारावरच्या शेताच्या खालच्या कडेला मातीचा किंवा दगडाचा बांध घालतात, ती ताल. धावत येणारे पाणी तिथे अडते, त्याचा वेग मोडतो. वेग मोडला की त्यातली माती खाली बसते आणि पाणी जमिनीत शिरते. ते मुरलेले पाणी दिसेनासे होते, पण काही महिन्यांनी खालच्या अंगाच्या विहिरीत त्याची चाहूल लागते. यात एक गोम आहे. ताल घालतो वरचा शेतकरी, जमीन अडते त्याची, घाम त्याचा, आणि विहीर भरते खालच्याची. म्हणून हे काम एकट्याचे कधीच नसते. गावाने मिळून केले तरच त्यात सगळ्यांचा फायदा.

इथे जोतीरावांच्या योजनेतली एक गोष्ट आज वाचणाऱ्याला खटकेल. ताली-बंधारे घालायचे काम त्यांनी शेतकऱ्यावर टाकलेले नाही. सरकारने आपले गोरे-काळे शिपाई आणि पोलीस खात्यातली जास्तीची माणसे या कामाला लावावीत, असे ते सांगतात. उघड्या हवेत राबून शिपायांची प्रकृतीही सुधारेल, असा टोलाही आहे. आजचे तज्ज्ञ म्हणतील की यात लोकांचा सहभाग कुठे आहे? आम्हीही आधी असेच म्हटले. पण चौथ्या प्रकरणातल्या त्या कुणब्याकडे पाहून पुन्हा विचार केला. ज्याच्याकडे बैलाला वैरण नाही, ज्याचे शेत सावकाराकडे गहाण आहे, त्याला आपल्या खर्चाने ताल घाल म्हणणे म्हणजे आजाऱ्याला डोंगर चढायला लावण्यासारखे. जोतीरावांनी हिशेब मांडला तो असा की साऱ्याचा पैसा शेतकऱ्याने आधीच दिलेला आहे. त्या पैशावर पोसलेली फौज त्याच्या बांधावर राबली तर त्यात उपकार कसला?

आणि सहभाग म्हणाल तर तो पुस्तकाच्या लिहिण्यातच होता. प्रकरणे तयार होत गेली तशी ती जोतीरावांनी ठिकठिकाणी लोकांना वाचून दाखवली. पुणे, मुंबई, ठाणे तर झालेच, पण जुन्नर, ओतूर, हडपसर, वंगणी अशा गावीही. ज्यांच्याविषयी लिहिले त्यांनी ते ऐकले आणि मजकूर खरा असल्याची ग्वाही दिली. शेतीवरचे अहवाल तेव्हाही ढिगाने लिहिले जात. पण शेतकऱ्यांना बसवून असा किती जणांनी वाचून दाखवला? या वाचनांच्या मालिकेतच बडोदे येते.

सयाजीराव महाराज नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातून दत्तक आलेले. १८८१ च्या डिसेंबरात त्यांना राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार मिळाले होते. म्हणजे पुस्तक ऐकणारा राजा गुरे राखणाऱ्या मुलांबरोबर वाढलेला होता. त्याला ताल म्हणजे काय हे समजावून सांगावे लागले नसेल. महाराजांनी पुढे शिक्षण सक्तीचे केले, आजव्याचे सरोवर बांधून गावात नळाने पाणी आणले. या गोष्टी त्या वाचनामुळे झाल्या असे म्हणणे ओढूनताणून होईल, आणि आम्ही ते म्हणत नाही. पण ज्या राजाने ‘असूड’ शांतपणे ऐकला, त्याच राजाने हे केले, एवढी नोंद करायला हरकत नाही.

आता थोडे आपल्याविषयी. रावपुरा, दांडिया बाजार, बाबाजीपुरा या भागांतली आपली जुनी घरे बहुतेक कशावर उभी राहिली? गायकवाडांच्या चाकरीवर. कोणी शिलेदार, कोणी फडावरचे कारकून, कोणी महालाचे वहिवाटदार, कोणी मोजणीदार. जोतीरावांनी असूड उगारला आहे तो सावकारावर आणि परक्या साहेबावर जितका, तितकाच किंवा काकणभर जास्त या मधल्या लेखणीवर. राजवाड्यात ते वाचन झाले तेव्हा आपले कोणी पणजोबा दाराशी उभे असतील तर त्यांना ते कडू लागले असणार. आम्हालाही काही पाने कडू लागतात; त्यांच्या जातीविषयीच्या सरसकट विधानांपैकी काहींशी आमचे आजही जमत नाही. तरीही मोजणीच्या वहीत एक आकडा इकडचा तिकडे झाला तर एका घराचे काय होते, हे ज्यांच्या घरात त्या वह्या लिहिल्या गेल्या त्यांनी वाचावे असे पुस्तक हेच आहे.

पुस्तकाचे नशीब मात्र फिरले. नारायण मेघाजी लोखंड्यांच्या ‘दीनबंधू’त सुरुवातीची प्रकरणे छापली गेली आणि मग छापणे थांबले. लोखंडे जोतीरावांचेच सहकारी, गिरणी कामगारांचे पुढारी. पण सरकारवरची टीका फार झोंबेल अशी त्यांना धास्ती वाटली. जोतीरावांना याचा राग आला आणि तो त्यांनी लपवला नाही. ताली, तलाव, पाणाडे, गायरान यांचे पाचवे प्रकरण त्यामुळे छापखान्यात पोहोचलेच नाही.

१८८८ च्या मार्चमध्ये ड्यूक ऑफ कॅनॉटच्या सन्मानार्थ पुण्यात मेजवानी झाली. जडजवाहिरांच्या त्या गर्दीत जोतीराव गुडघ्यापर्यंतचे धोतर, घोंगडी आणि मुंडासे अशा शेतकऱ्याच्या वेषात गेले आणि राणीच्या मुलापुढे शेतकऱ्याची हकीकत मांडून आले. त्याच वर्षी मे महिन्यात मुंबईकरांनी त्यांना महात्मा ही पदवी दिली. उन्हाळा सरतो तोच पक्षाघाताने उजवी बाजू गेली. डाव्या हाताने त्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ पुरे केले. मक्त्यांचा पैसा शाळांत आणि समाजाच्या कामात केव्हाच संपला होता, शेवटची वर्षे ओढग्रस्तीत गेली. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते वारले. आपल्याला मिठात घालून घराच्या आवारात पुरावे अशी त्यांची इच्छा होती. वस्तीत पुरण्याची परवानगी नगरपालिकेने दिली नाही, तेव्हा दहन झाले आणि अस्थी अंगणात ठेवल्या गेल्या.

मुंबई सरकारने जमीन सुधारणेचा कायदा केला तो १९४२ मध्ये, आणि बांधबंदिस्तीची कामे मोठ्या प्रमाणावर निघाली ती त्यानंतर. शिपायांऐवजी खात्याचे मजूर आले. बांध झाले, पण ते सरकारी बांध राहिले. शेतकऱ्याला विचारून आखलेले नसल्याने कुठे त्याने ते फोडले, कुठे नांगरून सपाट केले. पाणी मुरवण्याइतकेच, पाणी कोणाचे हे आधी ठरवणेही गरजेचे आहे, हे ध्यानात यायला १९७२ चा दुष्काळ यावा लागला. तेव्हा विलासराव साळुंखे नावाचे पुण्याचे एक इंजिनिअर-कारखानदार पुरंदर तालुक्यात गेले. नायगावला देवस्थानाची चाळीस एकर उजाड जमीन कराराने घेऊन तिथे त्यांनी ताली घातल्या, तळे केले, झाडे लावली. पुढे पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम असे : पाणी जमिनीच्या मापाने न देता घरातल्या माणसांच्या संख्येवर द्यायचे, भूमिहीनालाही वाटा, ऊस लावायचा नाही, आणि जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जाणार नाही. खर्चाचा काही भाग शेतकऱ्यांनी आधी काढायचा. (सावित्रीबाईंचे माहेर नायगाव वेगळे, ते खंडाळा तालुक्यातले. आमच्यातल्या काहींची इथे गल्लत झाली होती म्हणून लिहिले.) ज्या पुरंदरातून शेटिबा फुले कर्जापायी मुलांना घेऊन बाहेर पडले, त्याच तालुक्यातली ही गोष्ट.

जोतीरावांचे समग्र वाङ्मय धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांनी संपादित केले आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने ते १९६९ मध्ये छापले. पाचवे प्रकरण सर्वसाधारण वाचकाच्या हाती सहज येऊ लागले ते तेव्हापासून, म्हणजे बडोद्याच्या त्या वाचनानंतर जवळजवळ शहाऐंशी वर्षांनी. तोवर दख्खनच्या कितीतरी उतारांवर खात्याच्या ताली घालून झाल्या होत्या, आणि त्यांतल्या काही फुटूनही गेल्या होत्या.